रेडिओआयोडीनची कॅप्सूल आणि घरच्यांचे प्रश्न : माझा अनुभव

पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, द्यावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मात्र घरात सगळ्यांचेच चेहरे उतरले. आईला वाटलं, केस जाणार. नवऱ्याला काळजी आमच्या चार वर्षांच्या मुलीची. मला स्वतःला एकच कळत नव्हतं : जे किरण कॅन्सरला कारण ठरू शकतात, तेच औषध म्हणून पोटात कसे काय घ्यायचे?

याचं उत्तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दिलं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. ते साधं आहे की किरणोत्सारी, हे त्यांना ओळखता येत नाही. आयोडीन-१३१ त्या पेशींत जाऊन बसलं की त्यातून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरच्या आतच थांबतात, त्यामुळे ऑपरेशननंतर उरलेल्या पेशी मरतात आणि मार मुख्यतः तिथेच बसतो. केसांना धक्का लागत नाही, ते केमोथेरपीत होतं. पण याच आयोडीनमधून गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर पडतात. नंतरच्या स्कॅनमध्ये आयोडीन कुठे साठलंय ते दिसतं ते त्यांच्यामुळे, आणि इतरांपासून लांब राहायचं तेही त्यांच्यामुळेच.

तयारीचा काळ मला सगळ्यात जड गेला. थायरॉइडची गोळी बंद ठेवून टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं संप्रेरक) वाढू द्यायचं, म्हणजे पेशी आयोडीनसाठी आसुसतात. पण त्यात अंगातलं त्राण जातं, थंडी वाजते, मन उगाचच उदास होतं. काहींना गोळी बंद न करता इंजेक्शन देऊन टीएसएच वाढवतात, तेव्हा तशी सोय आहे का हे जरूर विचारा. आयोडीनयुक्त मीठ, दुधाचे पदार्थ आणि मासे काही दिवस बंद होते. डोसच्या आधी गर्भधारणेची चाचणी होते, आणि डोसनंतर निदान सहा महिने गर्भ राहू द्यायचा नाही.

कॅप्सूल आली ती शिशाच्या जाड भांड्यातून. तंत्रज्ञांनी झाकण काढलं, भांडं माझ्या हातात दिलं आणि ते मागे सरकले. १०० मिलिक्युरीचा (मिलिक्युरी हे किरणोत्सार मोजायचं एकक) डोस, पण चव नाही, ऊब नाही, काहीच जाणवलं नाही. खोलीत नळाला आणि दाराच्या मुठीला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. भरपूर पाणी प्यायचं आणि दर वेळी फ्लश दोनदा करायचा, कारण आयोडीन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. रोज कुणीतरी जमिनीवरच्या खुणेपाशी, माझ्यापासून एक मीटरवर उभं राहून किरण मोजायचं यंत्र धरायचं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, पण शरीर त्याच्या कितीतरी आधी ते बाहेर टाकतं. माझं रीडिंग दुसऱ्याच दिवशी एवढं उतरलं की जीव भांड्यात पडला.

घरी सोडताना हातात एक छापील कागद ठेवला : लहान मुलांपासून दूर राहा. किती दूर? किती दिवस? काहीच नाही. अशाने आई आपल्या लेकराला हात लावायला महिनोन् महिने घाबरेल. मी विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांना गाठलं. त्यांनी माझ्या शेवटच्या रीडिंगवरून हिशेब करून मुलीसाठी वेगळे दिवस लिहून दिले आणि मोठ्यांसाठी वेगळे. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौपट कमी होते, हेही सांगितलं. शेजारून दोन मिनिटं जाण्यात भीती नाही, रात्रभर कुशीत झोपवणं मात्र टाळायचं. एवढं कळल्यावर मुलीला मावशीकडे पाठवणं सोपं गेलं. हा हिशेब न मागता प्रत्येक पेशंटच्या हातात पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आईचा प्रश्न होता, आजवर काढलेल्या एक्स-रेचं काय? एक्स-रे दिव्यासारखा असतो, यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही. छातीच्या एका एक्स-रेचा डोस फार तर ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक). जमीन, हवा आणि आकाशातून येणारे नैसर्गिक किरण जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट देतातच. सीटी स्कॅनचा डोस मात्र बराच जास्त असतो, तो कशासाठी हवा हे विचारावं. मोबाइलच्या लहरी वेगळ्या जातीच्या, अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही.

धोका अजिबात नाही, असं कुणी मला सांगितलं नाही, आणि ते मला आवडलं. लाळग्रंथींना सूज येऊन तोंड कोरडं पडू शकतं. माझं पडलं, अजूनही कधीकधी पडतं. वारंवार मोठे डोस घेतले तर पुढे दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून प्रत्येक डोस तोलूनमापूनच देतात.

आणि लवकर विमानप्रवास असेल तर डोसचं पत्र जवळ ठेवा. कितीतरी आठवड्यांनंतरही विमानतळावरचे संवेदनशील डिटेक्टर वाजू शकतात.