आमची वाटचाल : मोल्ड बेस तोच, इन्सर्ट बदला

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी टूलरूम, म्हणजे मोल्ड (साचे) बनवायचं वर्कशॉप काढलं, तेव्हा एक जुना सरफेस ग्राइंडर आणि ठिणग्यांनी धातू कोरणारं एक स्पार्किंग मशीन एवढंच होतं. भागीदाराला सगळे भाऊ म्हणायचे. त्या मशीनचा कॉपरचा इलेक्ट्रोड हाताने घासून भाऊ जो फिनिश काढायचे, तसा मी पुन्हा पाहिला नाही. पुढे वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन) आलं, माणसं वाढली.

मग २०१६. एका मोठ्या गिऱ्हाइकाने गोपनीयतेचा १४ पानी करार पाठवला. सही नाही तर ड्रॉइंग नाही. मी न वाचता सही ठोकली. सहा महिन्यांनी मागच्या गल्लीतल्या टूलरूममध्ये तोच पार्ट निघू लागला आणि ठपका आमच्यावर आला. वास्तविक कोटेशनसाठी ते ड्रॉइंग गिऱ्हाइकानेच चार ठिकाणी मेल केलं होतं, त्यात ती टूलरूमही होती! पण आमच्या करारात दिलेली प्रत्येक गोष्ट गोपनीय, मुदत नाही, भरपाई ते म्हणतील ती. दोन मोल्डांचे ११ लाख अडकले. लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असा २००६ चा कायदा आहे, पण उलट दाव्याच्या धास्तीने आम्ही तक्रारच केली नाही. वायरकट विकलं. भाऊ त्याच दिवाळीत वेगळे झाले.

त्या दिवसांत चिंचवडच्या एका पंप बनवणाऱ्या काकांनी पुढच्या मोल्डचा पूर्ण ॲडव्हान्स दिला. कागदही मागितला नाही. मीच म्हटलं, काका, आता कागद करूनच काम करायचं.

शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकीलबाईंसोबत बसून आमच्या स्वतःच्या गोपनीयता कराराची दोन पानं तयार केली. मजकूर सगळ्यांना एकच. नाव, कारण आणि ड्रॉइंग नंबर शेवटच्या परिशिष्टात. जसा मोल्ड बेस (साच्याची बाहेरची चौकट) तोच, इन्सर्ट (पार्टला आकार देणारा आतला तुकडा) तेवढा बदलायचा. बंधन दोन्ही बाजूंना. आधीपासून माहीत असलेलं, बाजारात उघड झालेलं, दुसऱ्याकडून रीतसर मिळालेलं आणि स्वतः शोधलेलं बंधनाबाहेर. मुदत तीन वर्षं. पहिली सही काकांची.

व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा करा, असं विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात सुचवलं. तोवर आपला आधार १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम २७ वाचाच. काम संपल्यावर तुम्हाला तो धंदाच करू न देणारी अट त्यापुढे सहसा टिकत नाही, तरी लोक ती घालतात आणि आपण घाबरतो. दंडाचा आकडा छापला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही. कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं, छापील आकडा ही वरची मर्यादा. स्टॅम्प आता ५०० चा लागतो, तिथे काटकसर नको. आणि व्हॉट्सॲपवर आलेलं ड्रॉइंग मशीनवर चढवू नका. मेलवर मागवा, रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगची कितवी आवृत्ती) त्या कामाच्या जॉबकार्डवर लिहा, कोणी उघडलं त्याची वही ठेवा. आमच्याकडे तेव्हा ही वही असती तर!

त्या ११ लाखांतले चार आले. दुसरा मोल्ड त्यांनी नेलाच नाही. तो अजून रॅकवर आहे. दर पावसाळ्याआधी मी स्वतः त्याला ग्रीस लावतो.