आयत्या वेळचे विषय नसलेली सभा

योसेमिटी झालं, गोल्डन गेटवर वाऱ्याशी झुंजून झालं, नापाच्या द्राक्षबागा बघत तासगावची आठवण काढून झाली. त्या सगळ्याचे फोटो लेकीने टाकलेच आहेत. मला लिहायचंय ते एका सरकारी सभेबद्दल. “आई, तू सुट्टीवर येऊन पण सभेलाच जाणार?” असं लेक म्हणाली. जावई काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते जास्त लागलं.

पण माझी उभी नोकरी पंचायत समितीत गेली. निवृत्त झाले तेव्हा विस्तार अधिकारी (पंचायत) होते. मासिक सभांची इतिवृत्तं लिहून लिहून बोटं वाकडी झालेल्या बाईला परगावी गेल्यावर तिथला कारभार कोण बघतं, कसा बघतं, हे बघावंसं वाटणारच. त्यातून कॅलिफोर्नियातल्या मरिन काऊंटीचं (काऊंटी म्हणजे तिथला जिल्हाच) मुख्यालय फ्रँक लॉईड राइट या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने आखलेलं. म्हणजे “इमारत बघायला जाते” असं सांगायची सोयही होती.

सॅन फ्रान्सिस्कोहून लार्कस्परपर्यंत बोट आणि तिथून पुढे स्मार्ट नावाची रेल्वे. बोटीचा प्रवास झकास, रेल्वेही स्वच्छ आणि शांत, पण बोटीचा धक्का आणि रेल्वेचं स्टेशन यांची एकमेकांशी ओळखच नाही. मधलं अंतर पायी. पुढे ‘मरिन सिव्हिक सेंटर’ नावाच्या स्टेशनावर उतरलं तरी सेंटर, म्हणजे ते मुख्यालय, समोर येत नाहीच, पुन्हा चाला. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीनेच जावं. अशा देशात माझ्या वयाची माणसं चालताना दिसली की गाडीवाले थांबून रस्ता देतात, आणि मग आपल्याला उगाच पळत ओलांडावा लागतो.

इमारत मात्र पायपीट वसूल करते. टेकड्यांच्या मध्ये लांबच लांब आडवी पडलेली, पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या दगडी पुलासारखी, कमानींवर कमानी. वर आभाळी निळं छप्पर आणि 172 फूट उंच सोनेरी सुळका. राइटना छप्परही सोनेरी हवं होतं म्हणे, पण तसा टिकाऊ रंग मिळेना, म्हणून ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने निळा निवडला. बरंच झालं. सोनेरी छपराखाली दाखले मागायला जाताना माणूस दबकला असता.

आत गेल्यावर मधोमध वरून उजेड येणारा लांब चौक, दोन्ही बाजूंना सज्जे, आणि सज्ज्यांच्या मागे सगळी खाती. जन्म-मृत्यूच्या नोंदी, मिळकतीचे दस्त, निवडणूक शाखा, सगळं एका छपराखाली. सर्वांत वर घुमटाखाली चक्क ग्रंथालय. लग्नाचे परवानेही इथेच मिळतात आणि लग्नंही लागतात. पांढऱ्या झग्यातली एक नवरी सज्ज्याला टेकून फोटो काढून घेत होती, तिच्या शेजारून एक कारकून फायलींचा ढीग ढकलत गेला, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी स्वागतकक्षात विचारलं, “इथले कलेक्टर कुठे बसतात?” तिथल्या भल्या माणसाला प्रश्नच कळेना. जिल्ह्याचा सर्वांत मोठा अधिकारी, वरून सरकारने पाठवलेला, असं समजावल्यावर तो विचारात पडला आणि शेवटी त्याने मला सगळ्या खात्यांच्या फोनची यादी दिली. वरून पाठवलेला असा माणूसच नसतो. लोकांनी निवडलेले पाच सुपरवायझर असतात, चार वर्षांसाठी, एकेका विभागातून एकेक. कायदे करणं आणि कारभार चालवणं, दोन्ही त्यांच्याच हाती, आणि रोजचा गाडा हाकायला त्यांनी नेमलेला मुख्य अधिकारी. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. सरकारी वकील निवडून येतो. मिळकतींचं मूल्य ठरवणं आणि दस्त नोंदवणं हे काम करणाराही निवडून येतो. आणि शेरीफ! मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाची शाल. इथला शेरीफ गस्त घालतो, तुरुंग चालवतो आणि मतं मागत दारोदार फिरतो. ही शेवटची गोष्ट मला अजून पचलेली नाही. पोलीस प्रमुखाने मतं मागायची म्हणजे ज्याने मत दिलं नाही त्याच्या तक्रारीचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मरिन ही 1850 साली आखलेल्या कॅलिफोर्नियाच्या मूळ 27 काऊंट्यांपैकी एक. आता राज्यात 58 आहेत. 2020 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 2 लाख 62 हजार भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याइतकी. तेवढ्या लोकांसाठी असा राजवाडा कुणाला सुचला असेल? तर व्हेरा शुल्झ नावाच्या बाईंना. 1952 साली त्या निवडून आल्या, सुपरवायझर मंडळावरच्या पहिल्या बाई. कचेऱ्या तेव्हा गावात ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या, त्या एकत्र आणायचा त्यांनी ध्यासच घेतला. राइट यांना बोलावलं तेव्हा त्यांची नव्वदी पूर्ण झालेली होती. 1957 च्या ऑगस्टमध्ये करारासाठी सभा भरली, आणि भर सभेत त्यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणे असल्याचा आरोप करणारं एका नागरिकाचं पत्र वाचायला घेतलं गेलं. म्हातारबुवा तडक उठून सभेबाहेर! पुढे समजूत निघाली, करार झाला. 1959 च्या एप्रिलमध्ये राइट वारले, आणि बांधकाम त्यानंतर 1960 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी शुल्झबाई निवडणूक हरल्या. इमारत उभी राहायला लागली आणि बाई पडल्या.

1961 च्या जानेवारीत नव्या मंडळाने काम थांबवलं. अर्धवट सांगाड्याचं रुग्णालय करता येईल का, अशी चर्चा सुरू केली. लोक खवळले. काही दिवसांतच काम पुन्हा सुरू करावं लागलं, आणि थांबवणाऱ्या बाजूच्या एका सुपरवायझरला तर मतदारांनी मुदत संपायच्या आत घरी बसवलं. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. त्याच साली 1 मेला आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. म्हणजे ही वास्तू आणि आमची संस्था एका वयाच्या. हे कळल्यावर मी तिथल्या भिंतीकडे जरा जास्तच आपुलकीने बघायला लागले.

आता सभा. सुपरवायझरांची बैठक मंगळवारी भरते, तिसऱ्या मजल्यावर, 330 नंबरच्या दालनात. दारावर कुणी अडवलं नाही. सहीसाठी वही शोधली, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, नाव सांगायची सक्ती करताच येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. या बाई सभेत स्वेटर विणत होत्या. मंगळवारी यायचा त्यांचा नेम होता, आणि त्यांच्याइतकी माहिती त्या व्यासपीठावर तरी सगळ्यांना असेल की नाही, शंका आहे. खुर्च्या मऊ, आवाज स्पष्ट. चहा मात्र नाही. सभेत चहा-बिस्किट नाही, हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

सुरुवात ओळखीची होती. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. नेहमीच्या कामांची मोळी बांधून एकाच मतात मंजूर केली, जशी आमच्याकडे ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ ही बाब वाचायच्या आत कायम होते. मग अध्यक्षांनी सांगितलं, आता कुणालाही काहीही बोलायचं असेल तर बोला, प्रत्येकी दोन मिनिटं.

एक आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांची वस्ती डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. वणवा लागला तर बंब आत कसा येणार आणि आम्ही बाहेर कसे पडणार, एका बाजूला गाड्या लावायला बंदी करा, असं त्यांचं म्हणणं. हातात नकाशा होता, त्यावर लाल पेनने रेघा. दोन मिनिटं संपल्याची खूण झाली तेव्हा ते अर्ध्या वाक्यात होते. ते वाक्य त्यांनी गिळलं. अध्यक्षांनी आभार मानले. पुढचा माणूस आला आणि पिकलबॉल नावाचा टेनिससारखा खेळ खेळताना होणाऱ्या टकटक आवाजाबद्दल बोलला. त्याचेही आभार.

बस, एवढंच. कुणी उत्तर दिलं नाही. पाचही जण ऐकत होते, एकजण लिहूनही घेत होता, पण “बघतो”, “सांगतो खात्याला”, काही म्हणजे काही नाही. मला संताप आला. आमच्याकडे वार्षिक आमसभेत आमदारांसमोर माणूस माईक ओढून घेतो, आरडाओरडा होतो, पण आमदार उठून निदान “साहेब, याचं काम का झालं नाही?” असं आमच्यावर तरी ओरडतात. ते आश्वासन खोटं असतं हे मलाही ठाऊक आहे, अनुपालन अहवाल मीच लिहायचे. तरी म्हाताऱ्या माणसाला इतकं कोरडं पाठवायचं?

मी हे विणणाऱ्या बाईंना बोलून दाखवलं. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि बाहेरच्या बाकावर बसवून मला ब्राऊन कायदा समजावला. 1953 चा, कॅलिफोर्नियाचा. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची, आणि जे तीत नाही त्यावर चर्चाही नाही आणि निर्णयही नाही. आजोबांचा रस्ता त्या दिवशीच्या पत्रिकेवर नव्हता. सदस्याला फार तर एखादा खुलासा विचारता येतो, खात्याकडे पाठवा म्हणता येतं, किंवा पुढच्या सभेत विषय घ्या म्हणता येतं. पाच जणांनी तिथल्या तिथे रस्त्यावर ठराव करून टाकला असता, तर त्याच रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना पत्ताही लागला नसता. त्यांनी कधी येऊन बोलायचं?

मी गप्प. कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या प्रत्येक विषयपत्रिकेची शेवटची ओळ आली: ‘आयत्या वेळचे विषय, मा. सभापतींच्या परवानगीने’. पत्रिकेवर गटारी आणि अंगणवाड्या, आणि खरी गंमत त्या एका ओळीखाली. कितीतरी सभांत बाकीचं सगळं दहा मिनिटांत उरकायचं आणि जेवणाआधी आयत्या वेळी असं काही यायचं की त्यावर सही करताना पेन जड व्हायचं. “इथे आयत्या वेळी काहीच घेता येत नाही?” मी विचारलं. येतं, त्या म्हणाल्या, पत्रिका लावल्यानंतर खरोखर तातडीचं काही उपटलं तर. पण पाचही जण हजर असतील तर चौघांनी हो म्हणावं लागतं.

मग त्यांनी स्वतःच्या घरपट्टीचा विषय काढला. 1978 साली मतदारांनी मंजूर केलेल्या एका प्रस्तावामुळे घराचं करपात्र मूल्य वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, विकलं की मात्र नव्या किमतीवर. त्यांनी घर फार पूर्वी घेतलेलं. शेजारी परवा नवीन जोडपं आलं, तसल्याच घराला ते त्यांच्या कितीतरी पट भरतात. “मला बरं आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्यांच्याकडे बघून मान वर होत नाही.” घरपट्टीवर मान खाली घालणारी करदाती मी नोकरीत एकही पाहिली नव्हती.

निघताना त्यांनी मला बोलायचं कार्ड दाखवलं. तुम्हीही बोलू शकता, पुढच्या मंगळवारी या. मी इथली नाही, नागरिकही नाही, म्हटलं. चालतं, त्या म्हणाल्या, कायदा ‘जनतेतला कुणीही’ म्हणतो. मी काय बोलणार होते? बोटीच्या धक्क्यापासून स्टेशन लांब पडतं, एवढंच सुचलं, आणि तो विषय काऊंटीचा की रेल्वेचा हे मला ठाऊक नव्हतं. लाजून कार्ड परत दिलं.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या विषयपत्रिकेचा फोटो ऑफिसच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: ‘इथे आयत्या वेळचे विषय नसतात.’ सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तरी लार्कस्पर यायच्या आत आमच्या लेखा विभागातल्या निवृत्त भाऊसाहेबांचं उत्तर आलं: ‘मग मार्चएंडला काय करतात?’