ग्रे टाकी म्हणेल तितके दिवस

या मोसमात एकच ध्यास घेतला होता: अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पग्राउंडवर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं घर) घेऊन हुकअपशिवाय, म्हणजे वीज-पाणी-ड्रेनेजच्या जोडणीविना, राहायचे दिवस वाढवायचे. ते जमायला लागलंय. पूर्वी शनिवार-रविवार धरून राहायचो, आता जवळपास आठवडाभर निभतं. काय केलं ते सविस्तर लिहितो. आपल्यासारखं रोज फोडणीचं शिजवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी गाडीचं माप. ट्रेलर हिचपासून (गाडीला जोडायच्या टोकापासून) बंपरपर्यंत 23 फूट. स्वच्छ पाण्याची टाकी 40 गॅलनची, ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची) 30, ब्लॅक (टॉयलेटची) 30. शंभर अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणि छतावर 400 वॉटचं सोलर. माणसं दोन.

नवीन मंडळी पहिल्यांदा बॅटरीचं विचारतात, मग पाण्याचं. माझ्या अनुभवात उन्हाळ्यात या दोन्हींच्या आधी ग्रे टाकी भरते. वर 40 गॅलन पाणी आणि सिंक-शॉवरचं सांडपाणी घ्यायला खाली 30, म्हणजे गणित मुळातच आपल्या विरुद्ध आहे. पाणी तर डब्यांतून आणून भरता येतं, पण सांडपाणी जमिनीवर सोडणं जवळपास सगळ्या सरकारी कॅम्पग्राउंडवर मना आहे, आणि असायलाच हवं. तेव्हा मुक्काम किती दिवसांचा, हे ग्रे टाकीच ठरवते.

सगळ्यात मोठा फरक पडला तो भांडी घासण्याच्या पद्धतीने. जेवण झालं की कढई गरम असतानाच कागदाने पुसून घ्यायची. तेल, हळद, मोहरी सगळं कागदावर येतं आणि कचऱ्यात जातं. ताटंही तशीच पुसायची. मग सिंकमध्ये प्लास्टिकचा टब ठेवून त्यातच घासायचं, आणि विसळायला नळ न सोडता स्प्रेची बाटली वापरायची. उरतं ते टबभर गढूळ पाणी. ते गाळून टॉयलेटमध्ये ओततो. ब्लॅक टाकी दोन माणसांत सावकाश भरते, तिच्यात जागा पडून असते, आणि पातळ पाणी गेलं की पुढे ती रिकामी करतानाही सोपं जातं. एवढ्या एका सवयीने ग्रे टाकीचा भार जवळपास निम्म्यावर आला. बायको आधी टबाला तयार नव्हती. आता मीच नळाखाली काही धरलं तर ती टोकते, ‘‘अहो, टब!’’

दुसरी गोष्ट म्हणजे चाकांची 15 गॅलनची पोर्टेबल टाकी घेतली. ट्रेलर जागचा न हलवता ग्रे पाणी तिच्यात घेऊन डंप स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) नेता येतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला तिचं चीज झालं. तिथे कुठल्याच साइटला वीज-पाणी-ड्रेनेज नाही (योसेमिटीतल्या एकाही कॅम्पग्राउंडवर नाही), पण डंप स्टेशन अप्पर पाइन्सलाच आहे. फक्त वजनाचा अंदाज घ्या: 15 गॅलन पाणी म्हणजे सव्वाशे पौंड. मी ती दोन-तृतीयांशच भरतो.

हिवाळ्यात मात्र चित्र पालटतं. कॅलिफोर्नियातल्याच जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, जंबो रॉक्स कॅम्पग्राउंडला रात्री पारा उतरला की फर्नेस (ट्रेलरचा हीटर) सुरू होतो. तो प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि रात्रभर फिरत राहिला की सकाळी बॅटरीचा आकडा बघवत नाही. दिवस लहान, ऊन तिरपं, त्यामुळे सोलरही हात देत नाही. झोपताना थर्मोस्टॅट खाली आणि जाड रजया, यावर आम्ही स्थिरावलो. जनरेटर आहे, पण तिथे आणि योसेमिटीतही त्याला ठरावीक वेळा आहेत: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. जंबो रॉक्सला पाण्याचा नळही नाही. टाकी त्याच उद्यानातल्या ब्लॅक रॉक किंवा कॉटनवुड कॅम्पग्राउंडला भरून घ्यायची. डंप स्टेशनंही त्याच दोन ठिकाणी आहेत.

आता खासगी पार्कांबद्दल, म्हणजे हुकअप देणाऱ्या खासगी कॅम्पग्राउंडबद्दल. ‘खरं कॅम्पिंग सरकारी जागेतच’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. केओए ही खासगी कॅम्पग्राउंडची साखळी. ते 1962 साली मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालं, ते सिअ‍ॅटलच्या जागतिक मेळ्याकडे निघालेल्या कुटुंबांना रात्रीपुरती जागा हवी होती म्हणून, आणि ती गरज आजही तशीच आहे. लांबच्या प्रवासात सरकारी मुक्काम, मग एक रात्र खासगी पार्कात फुल हुकअप, मग पुन्हा सरकारी, असा क्रम आम्ही लावलाय. त्या एका रात्रीत कपडे धुऊन होतात, मनसोक्त अंघोळी होतात, प्रोपेन भरून मिळतो आणि टाक्या स्वच्छ होतात. साठ-सत्तर डॉलर गेले तरी वाईट वाटत नाही. अप्पर पाइन्सच्या रात्रीच्या 36 डॉलरशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण विकत घेतो ती वस्तूच वेगळी आहे.

फुल हुकअपवर ब्लॅक टाकीची झडप उघडी ठेवून देऊ नका, हे कळकळीने सांगतो. पातळ वाहून जातं आणि घट्ट तिथेच थर धरतं. झडप बंद ठेवायची, दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडायची आणि तिच्यामागून ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नळीला पारदर्शक कोपर (वळणाचा जोड) लावलेलं असेल तर पाणी कधी निवळलं ते डोळ्यांना दिसतं. टाकीच्या सेन्सरवर विसंबू नका. आत कागदाचा तुकडा चिकटला तरी ते ‘भरली’ दाखवतात.

साइटवर वीजजोडणीचा खांब दिसला की थेट प्लग घालायचा नाही. आधी ब्रेकर बंद, मग सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज बिघडलं की वीज तोडणारं यंत्र), मग ब्रेकर चालू, व्होल्टेजचा आकडा बघायचा, आणि त्यानंतर ट्रेलरची केबल. 30 अँपच्या जोडणीत 120 व्होल्टला जास्तीत जास्त 3600 वॉट मिळतात, म्हणजे एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम नको. एका जुन्या खासगी पार्कात भर दुपारी सगळ्यांचे एसी लागले आणि आमचा आकडा 106 व्होल्टपर्यंत घसरला. आमचा प्रोटेक्टर 104 ला वीज तोडतो. मी वाट न बघता एसी बंद केला आणि ऊन उतरेपर्यंत पंख्यावर काढलं. कमी व्होल्टेजमध्ये कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि जळूही शकतो. पाण्याच्या नळालाही प्रेशर रेग्युलेटर हवाच. मी 45 पीएसआयवर ठेवतो.

लांबीबद्दल बरेच प्रश्न येतात. सरकारी जागांचे आराखडे आजच्या गाड्यांसाठी झालेलेच नाहीत. ई. पी. माइनेके हे वनस्पतिरोगतज्ज्ञ. मोटारी झाडांच्या मुळांवरची माती दाबून टाकतात हे पाहून त्यांनी एकेरी वळणरस्ता आणि प्रत्येक साइटला गाडी लावायचा छोटा फाटा, अशी रचना सुचवली. 1930च्या दशकात सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी देशभर कॅम्पग्राउंड बांधली, ती त्याच धर्तीवर. रिव्हर्स घेताना मी झाडाला वळसा घालतो, तेव्हा त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. झाड त्याच्यामुळे उभं आहे. अप्पर पाइन्सला मोटरहोम 35 फुटांपर्यंत चालते, ट्रेलर मात्र 24 पर्यंतच. आम्ही 23 फुटी घेतला तो याच आकड्यावर नजर ठेवून, आणि आज पुन्हा घ्यायचा झाला तरी तेवढाच घेईन.

बुकिंगचं थोडक्यात: अप्पर पाइन्स पाच महिने आधी, दर महिन्याच्या 15 तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता खुलतं. लॉगिन आधीच करून ठेवा, पसंतीच्या साइट निवडून ठेवा, आणि आठवड्याच्या मधल्या रात्री मागा. तारखा गेल्या तरी रोज एकदा बघत राहा, रद्द झालेल्या जागा परत येतात. आई-वडील सोबत येत असतील आणि वय 62 किंवा जास्त, आणि ते अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील, तर त्यांच्यासाठी 80 डॉलरचा आजीवन सीनियर पास घ्याच. संघराज्य सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडवर साइटचं भाडं निम्मं होतं. ते स्वतः मुक्कामाला असले पाहिजेत एवढंच.

पुढचा बेत ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमचा. तिथे ट्रेलर व्हिलेजला फुल हुकअप आहे आणि 50 फुटांपर्यंतच्या गाड्या मावतात. जवळच्या मॅदर कॅम्पग्राउंडला हुकअप नाही आणि मर्यादा 30 फुटांची. आम्ही मॅदर घेतोय. तिथे डंप स्टेशन आहे, म्हणून पोर्टेबल टाकी बरोबर असेल. ऑक्टोबरच्या थंडीत बॅटरी आधी संपते की ग्रे टाकी आधी भरते, हे तिथे रोज संध्याकाळी आकडे लिहून बघणार आहे. कोणी त्या दिवसांत मॅदरला हुकअपशिवाय राहिलं असेल, तर फर्नेस रात्री किती वेळ चालला ते जरूर कळवा.