आधी मैदान सुटायला हवं, गुडघा नाही

मुलांना फुटबॉल शिकवताना पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "टर्फवर खेळून गुडघे जातात म्हणे, मग गवतच बरं ना?" मैदानाच्या कडेला उभं राहून दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पळता पळता खेळाडू झटकन वळतो तेव्हा बूट जमिनीत रुतलेला असतो आणि वरचं सगळं शरीर फिरत असतं. गवतावर हा जोर फार झाला की गवताचा तुकडा मातीसकट उपटून येतो आणि बूट सुटतो. मैदान सांभाळणारा माणूस वैतागतो, पण गुडघा वाचतो. सिंथेटिक टर्फमध्ये धागे खालच्या कापडात पक्के बसवलेले असतात, ते काही उपटून येत नाहीत, त्यामुळे बूट अडकला तर तो सगळा पीळ घोट्यावर नाहीतर गुडघ्यावर जातो आणि एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट) फाटतं ते अशा वेळी, बऱ्याचदा कोणी धक्काही मारलेला नसताना. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. मैदानाने पाय धरला पाहिजे, पण वेळ आली की सोडलाही पाहिजे.

अमेरिकेतल्या एनएफएलच्या (तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलहून वेगळ्या खेळाच्या लीगच्या) २०१२ ते २०१६ या सीझन्सवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात सिंथेटिकवर पायाच्या दुखापती गवतापेक्षा साधारण १६ टक्के जास्त निघाल्या. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने २०२२ मध्ये स्लिट-फिल्म नावाच्या एका प्रकारचं टर्फ ताबडतोब काढा अशी जाहीर मागणीच केली. पण युरोपातल्या फुटबॉल क्लबांचे अभ्यास बघितले तर दोन्हीकडे एकूण दुखापती जवळपास सारख्याच दिसतात. खेळ वेगळा, खेळाडूंची वजनं वेगळी, बूट वेगळे, टर्फही वेगळं, त्यामुळे एका खेळाचा आकडा उचलून दुसऱ्याला चिकटवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

मैदान बूट किती घट्ट धरतं ती पकड मोजता येते बरं का. स्टड (बुटाच्या तळव्याला असतात ती टोकं) लावलेली एक चकती वजनाखाली टर्फवर ठेवून फिरवतात आणि ती सुटायला किती जोर लागला ते बघतात. फिफाच्या २०१५ च्या मॅन्युअलमध्ये वरच्या दर्जाच्या टर्फला ३० ते ४५ न्यूटन-मीटर अशी मर्यादा दिली होती. म्हणजे खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. जास्त ग्रिप म्हणजे चांगलं टर्फ असं सांगून कोणी विकत असेल तर सावध राहा.

दुसरी गोष्ट कडकपणा, आणि याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. जुन्या टर्फवर पेनल्टी स्पॉटपाशी गुडघे टेकून बसा आणि बोटाने धागे बाजूला करून बघा. कडेला, जिथे कोणी फारसं पळत नाही, तिथे बोट काळ्या रबरी दाण्यांमध्ये सहज आत जातं. स्पॉटवर मात्र धागे झोपलेले, टोकं चिरलेली, दाणे पायांनी उडून बाजूला गेलेले, आणि खाली वाळू नुसती दगडासारखी घट्ट बसलेली. गोलसमोरही तेच. म्हणजे गोलकीपर जिथे दिवसभर अंग टाकतो नेमकी तीच जागा सगळ्यात कडक.

हे मोजायला जीमॅक्स टेस्ट असते. साधारण ९ किलोचं वजन ६० सेंटीमीटरवरून एकाच जागी तीनदा सोडतात, शेवटच्या दोन वेळांची सरासरी घेतात. हा आकडा २०० च्या वर गेला की डोकं आपटल्यास जीवघेणी इजा होऊ शकते असं धरलं जातं. नवीन टर्फ यात आरामात पास होतं, पण ब्रशिंग केलं नाही, दाणे परत भरले नाहीत तर आकडा वर्षागणिक चढत जातो, आणि वरून बघायला टर्फ हिरवंगारच! टर्फच्या वरच्या दर्जाचं, म्हणजे फिफा क्वालिटी प्रोचं सर्टिफिकेट एकाच वर्षापुरतं असतं आणि साध्या क्वालिटीचं तीन वर्षांचं, ते उगाच नाही.

आता गवत म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. पाणी नाही, रोज चार टीम खेळतात, माती दाबून दाबून बसलेली, मधे टक्कल पडलेलं, अशा मैदानावर पडण्यापेक्षा नीट ठेवलेलं सिंथेटिक कधीही बरं. शिवाय खड्डे. घोटा मुरगळायला एक खड्डा पुरतो. गवताला पाणी, हवा खेळण्यासाठी मातीला भोकं पाडणं आणि मुख्य म्हणजे विश्रांती लागते, आणि ही विश्रांती द्यायला कोणी तयार नसतं.

हायब्रिड म्हणजे खरंच गवत, फक्त मातीत साधारण २० सेंटीमीटर खोल प्लॅस्टिकचे धागे दर दोन सेंटीमीटरवर टोचलेले, गवताची मुळं त्यांना धरून राहतात. मोठे तुकडे उपटत नाहीत, खड्डे पडत नाहीत, पाय कुठेही टाका जमीन सारखी लागते. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो. पण त्यालाही गवताइतकीच निगा लागते हे लोक विसरतात. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये २०१८ मध्ये हायब्रिड बसवलं, मग पाऊस, त्यात मैदानावर कार्यक्रम, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये एनएफएलची तिथे ठरलेली मॅच ऐन वेळी लॉस एंजेलिसला हलवावी लागली. स्टेडियम एवढं मोठं, मैदान अगदी नवं, तरीही.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. भर दुपारी सिंथेटिकचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो, पाणी मारलं तर थोडा वेळ उतरतो आणि परत चढतो. लहान मुलं उंचीने जमिनीच्या जवळ असतात, त्यांना ती धग आपल्यापेक्षा जास्त लागते, त्यामुळे दुपारची प्रॅक्टिस नकोच. आणि घसरून सोललेली कातडी साबणपाण्याने लगेच धुवायची, झाकायची, टॉवेल एकमेकांचा वापरायचा नाही. २००३ मध्ये एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्स टीममध्ये एमआरएसए या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग पसरला होता, तो सगळा टर्फवर सोललेल्या जागांवरच झाला होता.

राहिले बूट. गवतासाठीचे लांब, पात्यासारखे स्टड असलेले बूट घालून सिंथेटिकवर मुलांना पाठवू नका, प्लीज. ते धाग्यांत अडकतात आणि सुरुवातीला सांगितलेला पीळ गुडघ्यात जातो. सिंथेटिकसाठी तळव्यावर एजी लिहिलेले, आखूड, गोल आणि जास्त स्टड असलेले बूट मिळतात, आणि छोट्या कडक टर्फवर टीएफवाले, बारीक रबरी टोकांचे. हातात बूट घेऊन तळवा उलटा करून बघायला अर्धं मिनिट लागतं, बघा.

आणि मैदान बुक करताना लाईट, पार्किंग विचारता तसं हेही विचारा, शेवटची जीमॅक्स टेस्ट कधी झाली आणि दाणे शेवटचे कधी भरले. बसवलं त्या दिवसाचं सर्टिफिकेट दाखवतील, त्यावरची तारीख वाचा. उत्तर नाहीच मिळालं तर निदान गोलकीपरची डाइव्हची प्रॅक्टिस गोलसमोर न घेता कडेच्या मऊ भागात घ्या. आम्ही तेच करतो. गोलपोस्ट नसते तिथे, दोन कोन ठेवले की झालं.