मोचीसुद्धा मोजलेला

लंडनमधल्या एका शाळेत मी ए लेव्हलच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा काळ शिकवते. त्या घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री म्हटलं की कंजूष आणि संशयी ही दोन विशेषणं मुलं पाठ करूनच येतात. त्याने सरदार ताब्यात कसे ठेवले, हे त्यातून काही कळत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एक अख्खा तास एकाच सरदाराला दिला : जॉर्ज नेव्हिल, लॉर्ड बर्गावेनी.

१५०४च्या कायद्यानुसार राजाच्या परवान्याशिवाय पदरी माणसं बाळगली, तर माणशी दरमहा ५ पौंड दंड होता. बर्गावेनीने केंट परगण्यात ४७१ माणसं ३० महिने बाळगली होती. मुलांना म्हटलं, करा गुणाकार. ७०,६५० पौंड! राजाचं अख्ख्या वर्षाचं उत्पन्न तेव्हा लाखाच्या थोडं पुढे होतं. वर्गात कुजबुज सुरू झाली.

मग मी यादी सांगितली. २५ खानदानी गृहस्थ, ४ पाद्री, ४४० बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी, एक मोची आणि एक भांड्यांना डाग देणारा. "मोची कुठे लढणार होता?" एकाने विचारलं. मला हाच प्रश्न हवा होता. लढाईचं सोडा, कोणत्या सरदाराच्या पदरी कोण आहे हे राजाच्या माणसांना पार मोचीपर्यंत ठाऊक होतं.

"पण एवढे पैसे तो फेडणार कसे?" यावर बराच वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, "फिटले तर राजाचा धाकच संपेल ना!"

इतकं नेमकं मला स्वतःलाही कधी मांडता आलं नव्हतं. १५०७च्या डिसेंबरात राजाने ५,००० पौंडांवर तडजोड केली, तीही दहा वर्षांच्या हप्त्यांनी. शिवाय केंट, सरे, ससेक्स आणि हॅम्पशायरमध्ये परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ज्याचं सगळं बळ केंटमध्ये, त्याला केंटच बंद.

त्या राजवटीतल्या ६२ सरदार घराण्यांपैकी ३६ घराण्यांकडून कधी ना कधी मुचलके लिहून घेतले गेले. काहींनी गुन्हा केला होता, काहींकडून नुसत्या चांगल्या वागणुकीची हमी घेतली होती. हेन्रीने ज्या लढाईत गादी जिंकली, त्या १४८५च्या बॉसवर्थच्या लढाईत विरुद्ध बाजूने लढलेल्या सरेच्या अर्लला राजाने तुरुंगातून सोडलं, उत्तरेत कामाला लावलं आणि त्याच्या जमिनी थोड्या थोड्या करून परत दिल्या. बापाची ड्यूक पदवी हेन्री असेपर्यंत त्याला मिळाली नाही. या सगळ्याला 'कार्यक्षम कारभार' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मोठं सरदारी युद्ध टळलं हे खरं, पण माणसं वर्षानुवर्षं धास्तीत जगली.

शेवटी डडलीकडे वळलो. हेच मुचलके लिहून घेणारा राजाचा सल्लागार एडमंड डडली, १५०९मध्ये राजा वारल्यावर टॉवर या लंडनच्या किल्ल्यात कैद झाला. तिथे त्याने ज्यांत लोकांवर अन्याय झाला अशा ८४ प्रकरणांची यादी लिहिली. त्यांत सरदार होते, लंडनचे व्यापारीही होते. ऑगस्ट १५१०मध्ये त्याचं आणि त्याचा जोडीदार सल्लागार रिचर्ड एम्प्सनचं डोकं उडवलं गेलं. आरोप राजद्रोहाचा होता, पिळवणुकीचा नव्हे.

"असं का?" मुलांनी विचारलं. मी प्रश्न त्यांच्याकडेच परत टाकला. तीच मुलगी म्हणाली, "पिळवणूक म्हटलं असतं, तर नव्या राजाच्या बापाचं नाव घ्यावं लागलं असतं."