ताम्हिणीचा चढ आणि काचेवर बांधलेलं गेज

दिवेआगरला जाताना गाडीला काहीच झालं नाही, हे आधीच सांगतो, कारण गोम तिथेच होती. कोथरूडहून सकाळी सहाला निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणी. पुण्याहून कोकणात जाताना हा घाट बहुतेक उताराचाच. आमची १८ वर्षांची पेट्रोल सेडान कुरकुर न करता उतरली. दिवेआगरचे दोन दिवस मजेत गेले, त्यावर पुन्हा कधीतरी.

परतताना विळे सोडलं, चढ लागला आणि पाऊस कोसळायला लागला. दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की गाडी आचके द्यायची. अर्धा सोडला की बरी, दाबला की मेली. मागे एसटी हॉर्न वाजवतेय, आई मागच्या सीटवरून म्हणतेय, ‘अरे, ते एसीबिसी सगळं बंद कर आधी.’ मी एसी, मागच्या काचेचा डिफॉगर (विजेवर काच तापवून वाफ घालवतो तो), सगळं बंद केलं आणि गाडी जरा सावरली. श्रेय मी एसीला दिलं. चूक.

घाटात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. गाडी असे आचके द्यायला लागली तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, दहा मिनिटं थांबा आणि मग हलक्या पायाने चढा. टाकीत पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पौड सोडल्यावर पुढे पेट्रोल पंप मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नका.

पुण्यात एका गॅरेजने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली, इथेनॉलच्या पेट्रोलला शिव्या घातल्या आणि बिल दिलं. गाडी तशीच. पुढचा सल्ला होता, ‘साहेब, पंप गेला, बदलून टाकू.’ मोजलं काहीच नव्हतं. इथे मी थांबलो आणि ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो.

काकांनी आधी स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. हवा कुठून आत शिरत असेल तर ते आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) जास्त दिसतं, पेट्रोल कमी पडत असेल तर भार आल्यावर. आमचा फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवून देतोय तो आकडा, आयडलला अधिक ४ टक्के होता, रेस केल्यावर १८ पर्यंत चढला. म्हणजे संशय पेट्रोलवरच.

मग नाना पेठेतून पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज आणि ते पाइपला जोडायला टी-जॉइंट आणला. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरतं. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, खाली फडकं आणि शेजारी अग्निशामक सिलिंडर. जॉइंट बसला की फ्यूज आणि वायर परत लावून गळती बघायची. उभ्या गाडीत सगळं ठाकठीक होतं: आयडलला २.५ बार, प्रेशर आवरणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढल्यावर ३ बार. नळी हुंगून पाहिली, पेट्रोलचा वास नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत. इंजिन बंद करून दहा मिनिटांनीही २ च्या वर. अशा वेळी ‘प्रेशर ओके आहे’ म्हणून गेज काढून टाकणारेच जास्त.

काकांनी काढलं नाही. बॉनेटच्या फटीतून लांब नळी बाहेर घेतली आणि गेज समोरच्या काचेवर, वायपरखाली, बाहेरच्या बाजूने बांधलं. गाडीच्या आत कधीही घ्यायचं नाही, नळी सुटली तर पेट्रोल मांडीवर. असं सोंग घेऊन आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. गाडी मी चालवत होतो, काटा काका बघत होते. दुसरा गिअर, पूर्ण पाय: काटा ३ वरून घसरत १.९ वर, आणि लगेच तेच आचके. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? अशक्त पंपही तेवढं पुरवतो. चढावर खरं कळतं.

तरीही पंप बदलायचा नाही, म्हणाले, आधी त्याला खायला वीज किती मिळतेय ते बघू. मागची सीट उचलली. इंजिन चालू, डिफॉगर चालू: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या सॉकेटवर १०.८. पॉझिटिव्हच्या वायरीत ०.३ व्होल्ट गळत होते, अर्थिंगच्या बाजूला तब्बल २.८. कार्पेटखाली बोट घातलं तर ओल, आणि अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट-पांढरी पूड. डिफॉगरचं अर्थिंगही तिथेच, त्यामुळे तो लावला की पंपाला वीज आणखी कमी पडायची. म्हणजे घाटात गाडी एसीमुळे नाही, डिफॉगर बंद केल्यामुळे सावरली होती.

बोल्टला पॉलिश पेपर, वायरीच्या टोकाला नवी लग, वरून ग्रीस. सॉकेटवर १३.४ व्होल्ट. पुन्हा कात्रज: काटा २.९ च्या खाली आला नाही. पंप जुनाच आहे.

एवढं वाचून कुणी पाना हातात घेणार असेल तर आधी गाडी कोणती ते बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किंवा कॉमन रेल डिझेलमध्ये हे घरी करू नका. तिथलं प्रेशर शेकडो बार, डिझेलला हजाराच्याही वर, बारीक धार कातडीत घुसते. नव्या बऱ्याच गाड्यांत जास्तीचं पेट्रोल टाकीत नेणारी परतीची नळी नसते आणि रेग्युलेटर टाकीतच असतो, त्यांचा प्रेशरचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, माझा नको.

गेज आता डिकीत पडून आहे. मित्रांपैकी कुणाला हवं असेल तर घेऊन जा, फक्त टी-जॉइंटचे वॉशर नवे आणा. जुने मी कात्रजला हरवले.