दिवाळीआधीचा हंगाम आणि एक हरवलेली चांदणी

मंडळी,

मागची नोंद पावसाच्या तोंडावर लिहिली होती. मधल्या चार-पाच महिन्यांत जुनी लष्करी पदकं आणि युद्धकाळातल्या वस्तू शोधत बरंच फिरलो. हाती लागलं थोडं, पण जे लागलं त्यात एक गोष्ट अशी आहे की अजून रात्री झोपताना डोक्यात फिरते. तीच आधी सांगतो.

ठाण्यात आपल्या छंदाचा हंगाम कोणता असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत. घटस्थापनेआधी घरं धुऊन निघतात, दिवाळीआधी माळे रिकामे होतात, आणि नौपाडा, चरई, उथळसरकडे एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघालेली असतेच. पन्नास-साठ वर्षं न उघडलेल्या ट्रंका तेव्हा खाली येतात. भाड्याच्या दोन खोल्यांत त्या मावत नाहीत, आत काय आहे हे घरात कुणाला ठाऊक नसतं, आणि भंगारवाला गेटपाशी उभाच असतो. मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी भरणाऱ्या जुमा बाजारात आपण ज्या वस्तूंवर तुटून पडतो, त्यांतल्या कितीतरी आधी तीन-चार दिवस आपल्याच गावात वजनकाट्याशेजारी पडलेल्या असतात. म्हणून यंदा शुक्रवारच्या फेऱ्या कमी केल्या आणि शनिवार-रविवार कळवा, कौसा, वागळे इस्टेट अशी भंगाराची दुकानं धरली. प्रत्येक दुकानात एका पुठ्ठ्यावर जुन्या पदकांचे फोटो चिकटवून दिले, खाली माझा नंबर. 'असं काही आलं तर वितळवायच्या ढिगात टाकू नका, वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन.' एवढंच.

पितृपक्षातल्या एका शनिवारी कळव्याहून फोन आला. "काका, तुमच्या पुठ्ठ्यावरचे दोन बिल्ले आलेत."

गेलो तर स्टीलच्या वाटीत, नळाच्या तोट्या आणि कुलपांच्या किल्ल्यांमध्ये, दोन गोल पदकं. रिबिनी गेलेल्या. पहिलं वॉर मेडल १९३९–४५. मागे दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, म्हणजे ओळखायला प्रश्नच नाही. दुसरं इंडिया सर्व्हिस मेडल, मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा, वर 'इंडिया', खाली १९३९–४५. दोन्ही तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. दुकानातल्या पोराने चांगल्या मनाने चिंच-मीठ लावून लखलखीत घासली होती. त्याला काय बोलणार? पण तुम्हाला पुन्हा सांगतो, पदक घासू नका. त्या काळसर थराखालीच अक्षरांच्या कडा शाबूत राहतात.

आणि अक्षरं हाच आपल्याकडचा खरा ठेवा आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश शिपायांना कोरी दिली गेली. हिंदी फौजेच्या शिपायांना मिळालेल्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर, आणि चांदणीच्या, म्हणजे 'स्टार' नावाच्या चांदणीच्या आकाराच्या पदकाच्या, सपाट पाठीवर. लंडनच्या बाजारात त्या युद्धाची नावाविना पदकं ढिगाने मिळतील. आपल्या भंगारातल्या पदकाला माणूस असतो.

घासलेलं नाव वाचायची माझी पद्धत अशी. खोलीत अंधार करायचा, मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवायचा, म्हणजे उजेड कडेवरून घसरत जातो. पदक बोटांत धरून अगदी सावकाश फिरवायचं. दहापट भिंगातून आधी नुसते खड्डे दिसतात, मग त्यांच्या सावल्या एकमेकींना जोडल्या जातात आणि अक्षर उभं राहतं. तरीही अडलं तर ट्रेसिंग पेपरची पट्टी कडेभोवती गुंडाळून मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. त्या रात्री साडेअकराला वॉर मेडलवरचा नंबर लागला. पुढे 'सेप.', म्हणजे सिपॉय. मग नाव, आणि शेवटी मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री पलटण. दुसऱ्या पदकावर तोच नंबर, तेच नाव. एकाच माणसाची जोडी.

नाव इथे देत नाही. घरच्यांचा शोध चालू आहे, त्यांना आधी कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कळव्याला. भंगारवाल्याला विचारलं, अजून काय होतं? तो म्हणाला, "एका पट्टीवर चार होते काका. दोन चांदण्या मुंबईचा माणूस घेऊन गेला, तुम्हाला फोन करायच्या आधी. आणि ट्रंक होती, ती काल चेपून गाडीत गेली."

ट्रंकेचं ऐकून फार वाईट वाटलं. त्या काळ्या ट्रंकांच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव, बऱ्याचदा गाव, पोस्ट, तालुकासुद्धा लिहिलेला असतो. हिरव्या रंगाचे दोन-तीन हात चढले असले तरी तिरप्या उजेडात खालचं दिसतं. म्हणून ही विनंती: पदकांचे फोटो वाटता तसा रंगवलेल्या ट्रंकेचा फोटोही पुठ्ठ्यावर टाका. मी आता टाकला आहे.

आता दोन चांदण्या का एवढ्या महत्त्वाच्या? वॉर मेडल सैन्यात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळालं. इंडिया सर्व्हिस मेडल तीन वर्षांच्या देशातल्या नोकरीबद्दल. या दोघांवरून माणूस लढायला कुठे गेला ते कळत नाही, ते चांदणी सांगते. आफ्रिका, इटली की बर्मा? मराठा पलटणी तिन्हीकडे होत्या. १९४१ साली एरिट्रियात केरेनला मराठे होते. इटलीत १/५ आणि ३/५ (म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली आणि तिसरी) बटालियन होत्या. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते ३/५चे. सिपॉय नामदेव जाधव १/५चे, त्यांचा ९ एप्रिल १९४५चा, सेनिओ नदीवरचा. आणि ४/५ बर्माच्या आघाडीवर.

शुक्रवारी पहाटेची पहिली स्लो लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरलो. जुमा बाजार उजाडायच्या आत भरतो आणि चांगला माल उजाडायच्या आतच हलतो, हे नव्यांसाठी. टॉर्च बरोबर हवाच, सुट्टे पैसे हवेत, आणि पहिल्या फेरीत काहीही हातात घेऊन उभं राहायचं नाही, नाहीतर भाव तिथेच दुप्पट होतो. मी यातला शेवटचा नियम त्या दिवशी पाळला नाही. तिसऱ्या चादरीवर, घड्याळांच्या पट्ट्यांत, सहा टोकांची चांदणी दिसली आणि मी सरळ खाली बसलो. उलटी केली. तोच नंबर.

बर्मा स्टार.

विक्रेत्याने चार हजार सांगितले. मी हातातून सोडत नाही हे त्याने पाहिलंच होतं. बावीसशेला आली. नेहमीच्या भावाने ती महाग पडली, मान्य आहे. पण तुटलेला संच जोडताना नेहमीचा भाव धरून चालत नाही. दुसरी चांदणी, १९३९–४५ स्टार, त्याने आदल्या जुम्याला कुणाला तरी विकली होती. कोणाला, ते त्याला आठवेना.

मराठा आणि बर्मा म्हटल्यावर मन लगेच मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईकडे धावतं. मार्च १९४४मध्ये ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा तिथे उखरूल-इंफाळच्या वाटेवर जपानी फौजेला अडवून उभी होती, पाण्याची टंचाई असताना. पण पदकावर बटालियन लिहिलेली नसते. 'सांगशाकचा शिपाई' असं लेबल लावायचा मोह होतो, लावायचं नाही. कागद मिळेपर्यंत तो 'मराठा, बर्मा' एवढाच. आपल्यातले काही जण अशी लेबलं फार सढळ हाताने लावतात, आणि पुढच्या माणसाला ती खरी वाटतात.

रिबिनी नव्या आणल्या, ३२ मिलिमीटरच्या. बर्माची मधे लाल, दोन्ही कडांना गडद निळा, आणि निळ्याच्या मधोमध केशरी रेघ. अजून शिवलेल्या नाहीत.

बाकीचं थोडक्यात.

पाण्याची बाटली एक मिळाली, मार्क ७, निळ्या एनॅमलची, वर खाकी फेल्ट, बूच दोरीला शाबूत. फेल्टला कसर लागली होती, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पंधरा दिवस डीप फ्रीजमध्ये ठेवली, मग ब्रश. कॅनव्हासच्या पट्ट्यांवर १९४३चा शिक्का आहे, शेजारी सरकारी मालाची खूण असलेला बाण. पट्ट्यांचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १९३७च्या पॅटर्नचं हे सामान आपल्या लष्करात स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं बनत आणि वापरात राहिलं, त्यामुळे 'महायुद्धातलं' म्हणून साठच्या दशकातला पट्टा हातात पडतो. मला स्वतःला तोही हवाच असतो. १९६२, ६५, ७१ ही आपली युद्धं आहेत. १९६५चा 'समर सेवा स्टार' किंवा १९७१चा 'पूर्वी स्टार' 'हे तर नवीन' म्हणून बाजूला सारणाऱ्यांचं मला पटत नाही. त्यांच्यावरही नावं असतात, आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

मार्क ३ प्रिझमॅटिक कंपास, लंडनचं नाव, १९४२ साल, असा एक वागळेच्या दुकानात दाखवला गेला. घेतला नाही. खऱ्यात डबीत द्रव भरलेला असतो आणि तबकडी शिंपल्याची, ती तरंगत सावकाश स्थिरावते. हा हलवला तर सुई कोरडी थरथरत राहिली आणि कोरीव अक्षरांत पॉलिशची पूड होती. खरा मिळाला तर आनंद करा, पण उघडू नका. त्यातला चमकणारा रंग रेडियमचा असतो. चमक गेलेली असली तरी रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे किरणोत्सर्ग चालूच असतो.

रद्दीत सेन्सॉरचा शिक्का असलेली दोन पाकिटं आली. भोकाचे पैसे मूठभर, १९४३ ते ४७. युद्धात तांबं वाचवायला काढलेलं नाणं म्हणून मी ते आपल्याच कपाटात ठेवतो, नाणीवाल्यांनी रागवू नये.

पितळी तोफगोळ्याच्या पुंगळीचा फुलदाणी केलेला एक नमुना चरईत पाहिला, सुंदर होता, पण बुडातला प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) वापरलेला आहे की नाही ते दिसेना. लगेच मागे सरलो आणि घरमालकांना पोलिसांना कळवायला सांगितलं. काडतूस, रिकामी पुंगळीसुद्धा, आणि लांब पात्याची संगीन मी घेत नाही. आर्म्स अॅक्टमध्ये 'दारूगोळ्याचे भाग' हे शब्दही आहेत, हे नव्या मुलांनी लक्षात ठेवावं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांबद्दलही एक: वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून परदेशातल्या मित्राला ती पाठवायचा विचार करू नका.

साठवणीतली एक चूक. जुनी तीन पदकं मी स्वस्त पीव्हीसीच्या कप्प्यांत ठेवली होती. खाडीकाठचा पावसाळा, बंद कपाट. ऑगस्टमध्ये काढली तर ब्राँझच्या चांदण्यांवर हिरवा चिकट थर. प्लॅस्टिकमधलं रसायन तांब्याला खातं. आता पॉलिस्टरची पाकिटं, आम्लविरहित कागद, डब्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की दर महिन्याला तव्यावर गरम करणं.

जे अजून एकदाही हाती लागलेलं नाही ते नौदलाचं. फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावात आपल्या ठाण्यातलं 'अकबर' हे नौदल केंद्रही होतं. म्हणजे या शहरातल्या कुणाच्या तरी माळ्यावर 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लिहिलेली टोपीची काळी फीत, एखादं बटण, एखादा फोटो असायलाच हवा. दिवाळी होईपर्यंत उथळसर आणि कोलशेतकडची दुकानं त्यासाठीच फिरतो आहे.

आणि पहिल्या गोष्टीकडे परत. शेजारचे निवृत्त सुभेदार काका बेळगावला रेजिमेंटल सेंटरमध्ये विचारायला पत्र लिहून देणार आहेत. ज्या इमारतीतून ट्रंक आली ती कळव्याच्या भंगारवाल्याने दाखवली, पण तिच्याभोवती पाडकामाचे पत्रे लागलेत आणि रहिवासी विखुरलेत. वॉचमनकडे चिठ्ठी ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणी गेल्या दोन महिन्यांत जुमा बाजारातून १९३९–४५ स्टार घेतला असेल, तर कृपा करून एकदा मागची बाजू बघा. सेप., मराठा, आणि नंबराचे शेवटचे तीन आकडे ४१७. तुम्ही दिलेली किंमत आणि येण्याजाण्याचा खर्च मी देईन.